ओळख माझी, ओटीपी नवऱ्याचा!

एखादी बाई कोण आहे हे मान्य करायला आपल्या सरकारला अजूनही एक पुरुष लागतो. हे वाक्य कुणाला अतिशयोक्त वाटेल. पण १८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानंतर महाराष्ट्रातल्या दोन कोटींहून अधिक बायकांपुढे नेमकी हीच अट येऊन उभी राहिली. तिच्याविरुद्ध जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही. तो का उठला नाही आणि आता तरी का उठवायला हवा, याविषयी मला बोलायचे आहे.

आधी प्रकार काय तो नीट पाहू. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २८ जून २०२४ च्या निर्णयाने आली. वय २१ ते ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, अशा बाईला महिना १,५०० रुपये. सव्वा वर्षाने सरकारने सांगितले की पैसे चालू ठेवायचे असतील तर ई-केवायसी करा, म्हणजे आधार क्रमांकावरून संगणकाद्वारे आपली ओळख पटवा. बाईने स्वतःचा आधार क्रमांक भरायचा, स्वतःच्या मोबाईलवर आलेला सहा आकडी ओटीपी भरायचा. इथवर ठीक. त्यानंतरचा रकाना होता पती किंवा वडील यांच्या आधार क्रमांकाचा, आणि मग त्यांच्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीचा. तो भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नव्हती.

दहाही बोटांचे ठसे दिले, बुबुळांची प्रतिमा दिली, फोटो दिला, तेव्हा या बाईला बारा आकडी क्रमांक मिळाला. देशात ही एकच अशी बाई आहे याची खात्री सरकारने स्वतःच करून घेतली. तरी एवढ्याने भागेना. तिच्यामागे कोण पुरुष उभा आहे ते दाखव, आणि त्याने आपल्या फोनवरून होकार दिला तरच तू खरी, असे संगणक तिला सांगू लागला. माहेरी बापाची परवानगी आणि सासरी नवऱ्याची, ही जुनी रीत आता सहा आकड्यांत आली आहे, एवढेच.

यात सर्वात जास्त कोण अडकले? ज्यांच्यासाठी ही योजना आहे असे सरकार स्वतः सांगते, त्याच. योजनेच्या निर्णयात लाभार्थींची यादी स्पष्ट दिली आहे: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार आणि कुटुंबातील एक अविवाहित स्त्री. परित्यक्ता हा शब्द सरकारनेच लिहिला आहे. मग ज्या अर्जात परित्यक्तेला नवऱ्याचा ओटीपी मागितला जातो, तो अर्ज लिहिणाऱ्याने या शब्दाचा अर्थ काय लावला असेल?

मी नेवाशात बायकांच्या सल्ला केंद्रात काम करते. त्या दोन-तीन महिन्यांत आमच्याकडे आलेल्या बायकांची नावे मी इथे देणार नाही, पण त्यांच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. एकीला नवऱ्याने अकरा वर्षांपूर्वी टाकले. त्याने दुसरे घर केले आहे, पत्ता माहीत नाही, फोन माहीत नाही. घटस्फोट झालेला नाही, कारण त्याने मागितला नाही आणि वकिलाला द्यायला हिच्याकडे पैसे नाहीत. दुसरीचा पोटगीचा दावा कोर्टात चालू आहे. तिने धीर करून नवऱ्याला फोन लावला. तिच्याच शब्दांत सांगते: “ताई, तो म्हणतो आधी केस मागं घे, मग नंबर सांगतो.” तिसरी चाळिशीतली अविवाहित. वडील ती लहान असताना वारले, मृत्यूची नोंद कुणी केलीच नव्हती.

दुसरीच्या बाबतीत काय घडले याचा विचार करा. जो माणूस तिला मारत होता, ज्याच्यापासून सुटका व्हावी म्हणून तिने कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार घेतला, त्याच्या दारात तिला पुन्हा पाठवले ते सरकारने. २००५ चा कायदा एका हाताने तिला संरक्षण देतो आणि दुसऱ्या हाताने तेच सरकार तिची किल्ली त्या माणसाच्या खिशात ठेवते. ओटीपी हा तिच्या नवऱ्याच्या हाती आलेला नवा दंडुका आहे. तो चालवायला हातसुद्धा उचलावा लागत नाही, फक्त फोन उचलायचा नाही.

ओरड झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली आणि एक सवलत जाहीर झाली. ज्यांचे पती किंवा वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःपुरती पडताळणी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा दाखला किंवा न्यायालयाचा आदेश सादर करावा. विधवांची काही प्रमाणात सोय झाली, हे मान्य. पण वरच्या तिघींना ही सवलत लावून पाहा. टाकलेल्या बाईकडे यातला कोणता कागद असतो? नवरा जिवंत आहे, म्हणून मृत्यूचा दाखला नाही. घटस्फोट नाही, म्हणून त्याचाही दाखला नाही. टाकून देणाऱ्या नवऱ्याने कधी कोणत्या बाईला ‘मी हिला टाकले’ असे लिहून दिले आहे काय? तिसरीच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद आता करायची तर वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. महिना दीड हजारासाठी तिने मजुरी बुडवून किती खेटे घालायचे?

ही लढाई नवी नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटते. आमच्याच जिल्ह्यात, संगमनेरला, १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली होती. टाकलेली बाई ही कुणाची उरलेली वस्तू नाही, ती स्वतंत्र माणूस आहे, तिला स्वतंत्र रेशनकार्ड मिळाले पाहिजे, अशा मागण्या त्या चळवळीने वर्षानुवर्षे लावून धरल्या. तेव्हा तलाठी आणि पुरवठा कारकून विचारायचे, “नवऱ्याचं कार्ड कुठंय?” आता संगणक विचारतो. कारकुनाशी निदान भांडता तरी येत होते.

नेवासा तालुक्यात सोनई आणि भेंडे येथे साखर कारखाने आहेत. २०२५-२६ चा गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. म्हणजे पडताळणीच्या मुदतीचे शेवटचे दोन महिने बीड-पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड बायका फडात होत्या, आपल्या गावापासून दूर, पालात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल मुकादम नवऱ्याच्या हाती देतो, हिशोब नवऱ्याच्या नावे होतो. राबणारे हात चार आणि नाव एकाचे. मुकादमाच्या वहीत जे आहे तेच सरकारच्या संकेतस्थळावर यावे, याला आपण काय म्हणणार?

आता सरकारची बाजू घेऊ. सरकार म्हणते, योजनेत बोगस लाभार्थी घुसले आहेत. खरे आहे. २०२५ च्या छाननीत १४,२९८ पुरुषांनी बहिणींच्या नावाचे पैसे घेतल्याचे उघड झाले. २६ लाखांहून अधिक लाभार्थी अपात्र असल्याचा संशय सरकारनेच व्यक्त केला. सार्वजनिक पैसा चुकीच्या हातात जाऊ नये हे आपल्यालाही हवे आहे. पण हे चौदा हजार पुरुष घुसले कसे? अर्जाला आधार क्रमांक सुरुवातीपासूनच सक्तीचा होता आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होत होते. आधार असूनही पुरुष बाई म्हणून खपून गेला. त्यावर उपाय काय, तर खऱ्या बाईने आणखी एका पुरुषाचे आधार आणायचे! चोरी पुरुषांनी केली आणि जामीन मागितला बायकांना.

सरकार असेही म्हणते, की उत्पन्नाची अट कुटुंबाची आहे, म्हणून नवऱ्याचे उत्पन्न तपासावे लागते. ठीक, तपासा. पण तपासणे हे तपासणाऱ्याचे काम आहे. आयकराची माहिती सरकारकडे आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबातल्या प्रत्येकाची नोंद सरकारकडे आहे. पिवळ्या आणि केशरी कार्डावर याच योजनेत सरकारने उत्पन्नाचा दाखला माफ केला होता. ज्याच्या उत्पन्नाविषयी शंका आहे त्याला सरकारने नोटीस काढावी. त्याच्याकडून होकार मिळवण्याचे काम बायकोवर का? तिला घरात तेवढी सत्ता असती तर या योजनेची गरजच काय होती?

याच अर्जाच्या शेवटी कुटुंबात सरकारी नोकरदार नसल्याबद्दल एक प्रश्न नकारार्थी पद्धतीने विचारला होता. ‘हो’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘नाही’ म्हणजे ‘हो’! असंख्य बायकांनी, आणि केंद्रावर त्यांचा अर्ज भरणाऱ्या पोरांनीही, उलटे बटण दाबले. शेतमजूर बाई एका क्षणात सरकारी नोकराच्या घरची झाली. जानेवारी २०२६ मध्ये अशा बायकांची घरोघरी जाऊन पडताळणी करण्याचे काम कुणावर टाकले, तर अंगणवाडी सेविकांवर. संगणकाची चूक निस्तरायला शेवटी बाईच लागली, आणि तीही मानधनावरची.

आपला इतिहास या बाबतीत मोठा बोलका आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, विशेषतः उत्तरेकडच्या राज्यांत, लाखो बायकांनी यादीत स्वतःचे नाव सांगितले नव्हते. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी स्वीकारायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून गळाली. तो निर्णय कठोर होता. पण त्यामागचे तत्त्व असे होते, की प्रजासत्ताकात बाईला स्वतःचे नाव असते, तिची ओळख कुणाची तरी बायको म्हणून होत नाही. पुढे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घरातली १८ वर्षांवरील सर्वात मोठी स्त्री शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असेल असे ठरवले. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात आईचे नाव आधी आणि वडिलांचे नंतर लावण्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयाचे आपण स्वागत केले. मग दीड वर्ष होत नाही तोच त्याच सरकारच्या अर्जावर ‘पती किंवा वडील’ हा रकाना परत येतो आणि आईचा पर्यायसुद्धा दिला जात नाही! एकट्या आईने वाढवलेल्या अविवाहित मुलीने काय करावे?

आधार कार्ड आले तेव्हा सांगितले गेले होते, की हा क्रमांक जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, तो एका माणसाचा असतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी पहिले आधार दिले गेले ते रंजना सोनवणे या आदिवासी बाईला. ते प्रतीक मुद्दाम निवडले होते: ज्या बाईची कुठेच नोंद नाही तिला स्वतःची ओळख. पण ओळख क्रमांकावरून पटत नाही, ती फोनवरून पटते, हे नंतर कळले. आणि फोन कुणाचा असतो? आमच्या वस्त्यांवर एका घरात एक फोन असतो, तो नवऱ्याच्या किंवा थोरल्या मुलाच्या खिशात. बाईच्या आधारला जोडलेला नंबर कधी दिराचा, कधी बंद पडलेला. तो बदलायचा तर १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये शुल्क, वर जाण्यायेण्याचे भाडे आणि दिवसाची मजुरी. जिचा फोन नाही तिची ओळख दुसऱ्याच्या ताब्यात.

हे दीड हजारापुरते असते तर एवढे लिहिले नसते. सरकार जी वाट पाडते तिच्यावरून मागून व्यापारी येतात. २०१६ च्या आधार कायद्यात खासगी कंपन्यांनाही हा क्रमांक वापरायची मुभा होती. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका आणि मोबाईल कंपन्यांसाठी ती मागच्या दाराने परत आली. ३१ जानेवारी २०२५ च्या नियमांनी खासगी संस्थांनाही सरकारी मंजुरीने आधारवरून ग्राहकाची ओळख पटवण्याचा मार्ग खुला केला. कंपन्या या संमतीचा वापर कसा करतात ते आपण पाहिले आहे. सिमकार्डाच्या पडताळणीच्या निमित्ताने ग्राहकांना नकळत त्यांची पेमेंट्स बँकेत खाती उघडली गेली आणि गॅसचे अनुदान तिकडे वळले, या कारणावरून डिसेंबर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने एअरटेलचा ई-केवायसीचा परवाना काही काळ स्थगित केला होता. अंगठा एका कामाला दिला आणि तो दोन कामांना वापरला गेला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधने लागू करायला कंपन्यांना अठरा महिन्यांची सवड दिली गेली. बाईला मात्र नवऱ्याचा ओटीपी आणायला दोन महिने!

गावात येणाऱ्या कर्ज कंपन्यांचे पाहा. बाईच्या अंगठ्यावर चाळीस हजारांचे कर्ज झटपट मिळते. तिथेही अनेकदा नवऱ्याचे आधार मागतात, पण हप्ता थकला की दारात उभे राहतात ते तिच्याच. कर्ज द्यायचे तेव्हा तिची ओळख दहा मिनिटांत पटते, हक्क द्यायचा तेव्हा दोन महिन्यांतही पटत नाही.

कुणी म्हणेल, तंत्रज्ञानाला नावे ठेवून काय उपयोग? मी तंत्रज्ञानाला नावे ठेवत नाही. एस्टोनिया या छोट्या देशात २००२ पासून प्रत्येक नागरिकाला चिप असलेले ओळखपत्र मिळते. त्याचा गुप्त आकडा त्या व्यक्तीचा स्वतःचा असतो, आणि आपली माहिती कोणत्या कार्यालयाने कधी पाहिली हे नागरिकाला तपासता येते. तिथे नागरिक सरकारवर नजर ठेवू शकतो. आपल्याकडे नजर एकाच दिशेने जाते. यंत्र तेच, ते कुणाच्या बाजूने लावायचे हा राजकारणाचा प्रश्न आहे.

आता आपल्या चळवळीविषयी. या अटीविरुद्ध आवाज का उठला नाही? कारण आपल्यातल्याच अनेक मैत्रिणी म्हणाल्या, ही योजनाच मुळात मतांसाठी आहे; रोजगार द्या, समान वेतन द्या, भीक नको; तिच्या अर्जावर आपण कशाला भांडायचे? त्यांच्या टीकेतला पहिला भाग मलाही पटतो. पण जी बाई या दीड हजारात मुलाची फी भरते, तिला आपण काय सांगणार? शिवाय प्रश्न पैशांचा उरलेला नाही. आज या योजनेत ‘पती किंवा वडील’ चालून गेले, तर उद्या रेशनला, घरकुलाला, निराधार पेन्शनला तोच रकाना चिकटेल. आणि सप्टेंबर २०२५ च्या त्याच निर्णयात दरवर्षी जूनपासून दोन महिन्यांत ही पडताळणी करण्याची अट घातली आहे. म्हणजे वर्षातून एकदा बाईने पुरुष हजर करायचा.

शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यात. तिथल्या घरांना दारे नसतात म्हणून साऱ्या देशात त्याचे नाव. पण एप्रिल २०१६ पर्यंत चौथऱ्यावर चढायला बाईला बंदी होती. दार नसले म्हणजे वाट मोकळी असतेच असे नाही, हे आम्ही इथे शिकलो. योजनेचे दार सताड उघडे आहे असे म्हणायचे आणि उंबऱ्यावर पुरुषाचा पहारा बसवायचा, हे त्यातलेच.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

एक, स्त्रीच्या कोणत्याही योजनेत तिची स्वतःची ओळख पुरेशी मानावी. पुरुषाचा आधार क्रमांक आणि ओटीपी यांची अट कायमची काढून टाकावी.

दोन, परित्यक्तांसाठी स्वयंघोषणा आणि ग्रामसभेचा ठराव किंवा स्थानिक पंचनामा हा पुरावा धरावा. न्यायालयाचा कागद मागू नये.

तीन, कारण लेखी कळवल्याशिवाय आणि म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय कुणाचेही पैसे थांबवू नयेत. ठसा किंवा ओटीपी जुळला नाही म्हणून लाभ नाकारू नका, असे आधार प्राधिकरणानेच २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सांगितले आहे. ते पाळावे.

चार, आधारला स्वतःचा मोबाईल जोडण्याचे काम बायकांसाठी गावात येऊन, मोफत व्हावे.

पाच, खासगी कंपन्यांना आधारवरून पडताळणी करायची असेल तर नकार देणाऱ्या बाईला दुसरा मार्ग देणे बंधनकारक असावे, आणि तिच्या संमतीशी खेळणाऱ्यावर कारवाई व्हावी.

निवेदने देऊन मुंबईच्या उत्तराची वाट पाहत बसू नका. आपल्या हातात एक गोष्ट आहे. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरवर सह्या घेऊनच होते. ती खरीखुरी भरवा. गावातल्या टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बायकांची यादी, त्यांच्या संमतीने, त्या सभेत करा आणि ‘या बायका इथे राहतात, आम्ही त्यांना ओळखतो’ असा ठराव लिहून ग्रामसभेत मंजूर करून घ्या. एका गावाचा ठराव तहसीलदार फाईलला लावून ठेवील. शंभर गावांचे ठराव एकाच दिवशी घेऊन आपण तहसीलवर गेलो, तर त्यालाही वर कळवावे लागेल. बाईची ओळख पटवायला दुसऱ्या बाया पुरेशा आहेत. जूनच्या आत हे काम उरकायचे आहे.